सानपांच्या घरची तृप्ती

दुपारची जेवणवेळ झाली की मृण्मयी खैरनारचं पोट भरायला लागायचं. जेवत मात्र दुसरंच कोणीतरी असायचं.

कानावरचा हेडफोन काढून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसायची. समोर वाटीभर वरणभात, लहान मुलाला भरवावा तसा मऊ कालवलेला. पहिला घास घ्यायच्या आधीच बरगड्यांच्या खाली तिला एक ऊब जाणवायची. ती हळूहळू वर चढायची, मधेच थबकायची. थबकली की मृण्मयीही चमचा खाली ठेवायची. तिकडे कोणीतरी बोलत असणार. भाजीत मीठ कमी पडलंय का, असं कोणी विचारलं असेल, किंवा नुसतंच हसणं झालं असेल. मग ऊब पुन्हा चढू लागायची आणि मृण्मयी पुढचा घास घ्यायची. शेवटी सणाच्या जेवणानंतर येतं तसं एक गच्च समाधान पोटात येऊन बसायचं. वाटीत निम्मा भात उरलेला असायचा आणि तो संपवावा असं तिला वाटायचंच नाही.

जेवण संपतं, ही गोष्ट तिला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळली होती.

त्याआधी ते कधी संपत नसे. मृण्मयीचं काम घरबसल्याचं होतं. बसस्थानकं, बँका, दवाखाने, सरकारी कचेऱ्या, सगळीकडे आता यंत्रंच मराठी बोलत. त्या बोलण्यातले उच्चार ऐकून दुरुस्त करायचे, हा तिचा पोटापाण्याचा धंदा. दिवसभर कानात न थकणारे, न चिडणारे आवाज. त्यात माणसाचा एकही नाही. आई गेल्यावर नाशिकच्या इंदिरानगरातला दोन खोल्यांचा फ्लॅट तिच्या एकटीचा झाला. लग्न झालं होतं, ते फार टिकलं नव्हतं, आणि त्याबद्दल बोलायला उरलेलंही कोणी नव्हतं.

संध्याकाळी काम आटोपलं की ती स्वतःला बजावायची, आज फक्त पोळीभाजी. ती नीट ताट वाढून घेऊन खायची. मग उभ्याउभ्याच एक बिस्किटाचा पुडा. मग भाकरवडी. मग पावाला तूप-साखर लावून, पाव संपला की नुसतीच तूप-साखर, आणि शेवटी डब्याच्या तळाशी चिकटलेला गूळ चमच्याने खरवडून. चव पहिल्या चार घासांतच संपलेली असायची. पुढचं सगळं हातच करायचे. तेवढा वेळ डोक्यात काही चालत नसे. घर रिकामं आहे हेही आठवत नसे. मग एकाएकी पोट दुखायला लागायचं, ती भानावर यायची, आणि समोर पसारा दिसायचा. रिकामी पाकिटं ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पलीकडच्या गल्लीतल्या कचराकुंडीत टाकून यायची. आपल्या इमारतीच्या सफाईवालीला ती दिसू नयेत म्हणून.

लग्नाकार्यात ती चमचाभर भात घ्यायची. बायका म्हणायच्या, ‘‘एवढंसंच? डाएट वाटतं.’’ ती हसायची. घरी परतताना वाटेत रिक्षा थांबवून मिठाईच्या दुकानात शिरायची.

भूक मारणारी इंजेक्शनं तिने घेऊन पाहिली होती. भूक मेली. खाणं तसंच राहिलं. भुकेपोटी ती खात नव्हतीच मुळी.

अशा अवस्थेत ती डॉ. शमा तांबोळींकडे आली. शमाबाई मूळच्या सर्जन, पण गेली बरीच वर्षं पोट आणि मेंदू यांच्यातल्या संभाषणावर संशोधन करणाऱ्या. बोलताना पेशंटच्या वजनाकडे नाही, तोंडाकडे बघायच्या, एवढ्यानेच मृण्मयीला धीर आला.

‘‘नुसतं पोट लहान करणं अवघड नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जठराचा बराचसा भाग काढून टाकायचा, उरतं ते एखाद्या केळ्याएवढं. वजन झपाट्याने उतरतं. पण ज्यांना तुमच्यासारखे खाण्याचे झटके येतात, त्यांच्यातले बरेच जण पुढे त्या केळ्यालाही फसवायला शिकतात. घास मावत नाही म्हणून पातळ पदार्थ खातात, थोडं थोडं, दिवसभर. आम्ही पोट कापतो हो, झटका कुठे कापतो?’’

‘‘मग?’’

‘‘मला सांगा, तुमचं पोट भरलं हे तुम्हाला कोण सांगतं?’’

‘‘दुखायला लागलं की कळतं,’’ ती म्हणाली.

शमाबाईंनी मान हलवली. मेंदूपासून निघून गळ्यातून, छातीतून पार आतड्यांपर्यंत भटकत जाणारी एक लांब नस असते, तिला व्हेगस म्हणतात, हे त्यांनी कागदावर रेघ ओढून दाखवलं. माणूस जेवू लागला की या नसेतून सूक्ष्म विजेचे ठोके वर जातात. ते विशिष्ट लयीत जातात, जेवण पुढे सरकेल तशी लय बदलते, आणि शेवटी ती एका समेवर येते. मेंदूला ती सम ऐकू आली की माणूस पानावरून उठतो. या ठोक्यांच्या चालीला शमाबाईंनी नाव दिलं होतं तृप्तीलय. मृण्मयीसारख्यांची लय कुठेतरी मोडलेली असे. सम यायचीच नाही, किंवा पोट फुटायची वेळ आल्यावर यायची.

‘‘यंत्राने बनवलेली लय आम्ही देऊन पाहिली,’’ शमाबाई म्हणाल्या. ‘‘सुरुवातीला छान चालतं. मग मेंदू ती ओळखतो आणि ऐकेनासा होतो.’’

‘‘उच्चार बिनचूक असला तरी माणूस बोलत नाहीये हे कळतं,’’ मृण्मयी म्हणाली. ‘‘माझं कामच ते आहे.’’

‘‘अगदी तसंच. म्हणून आम्ही जिवंत माणसाची लय देतो. रोज थोडी वेगळी, चुकणारी, खरी.’’

या उपचाराचं नाव सहतृप्ती. एखादा निरोगी, चार माणसांत बसून समाधानाने जेवणारा माणूस स्वखुशीने आपली लय देऊ करायचा. त्याच्या कानामागे टिकलीएवढी चकती. ती त्याच्या नसेतले ठोके टिपणार आणि पेशंटच्या पोटात बसवलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या ग्राहकाकडे, म्हणजे रिसीव्हरकडे, त्याच क्षणी पाठवणार. कोण कोणाला देतो हे दोघांनाही सांगायचं नाही, असा नियम होता.

‘‘देणाऱ्याला काही त्रास?’’ मृण्मयीने विचारलं.

‘‘आजवर कोणाची तक्रार नाही,’’ शमाबाई म्हणाल्या. ते तेव्हा खरं होतं.

शस्त्रक्रिया झाली, पोट लहान केलं आणि ग्राहकही बसवला. वजन उतरू लागलं, केस गळले, पुन्हा आले, दंडाची कातडी लोंबू लागली. ओळखीची माणसं रस्त्यात तिला न ओळखता पुढे जायची. हे सगळं होणार हे तिला सांगितलेलं होतं. संध्याकाळचं मात्र कोणी सांगितलं नव्हतं. काम संपायचं, हात मोकळे व्हायचे आणि काय करावं हे त्यांना कळायचं नाही. खाणं इतकी वर्षं तिचं वैरी होतं, तरी रोज संध्याकाळी न चुकता घरी येणारं तेवढं एकच होतं. सोफ्याच्या कडेला बसून ती खिडकीबाहेर बघत राहायची, आणि मेलेल्या माणसाची आठवण यावी तशी तिला तूप-साखरेच्या पावाची आठवण यायची.

तिला त्यातून काढलं ते त्या अनोळखी माणसाच्या जेवणांनी. हळूहळू ती त्यांची चाल ओळखू लागली. गुरुवारी सकाळ कोरडी जायची, म्हणजे उपास असावा. रविवारचं जेवण लांबायचं, थबकत थबकत, मधेच पुन्हा थोडं वाढून घेतल्यासारखं. गौरीजेवणाच्या दिवशी तर एवढी सुस्ती आली की मृण्मयीला भर दुपारी आडवं व्हावं लागलं. ‘‘पुरणपोळ्या झालेल्या दिसतात,’’ ती छताकडे बघून मोठ्याने म्हणाली आणि स्वतःच दचकली. त्या दिवसभरात तिने उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं.

मग ती टेबलावर पाणी प्यायचे दोन पेले ठेवू लागली. वेडेपणा आहे हे तिला कळत होतं.

दिवाळीनंतर काहीतरी बिघडलं. ऊब आता थबकत नसे. ती एका दमात चढायची, समेवर यायची आणि तिथे न थांबता पुढे जायची. एकदा भर तिसऱ्या प्रहरी, कोणी जेवत नाही अशा वेळी, मृण्मयी यंत्राचा ‘ज्ञ’ दुरुस्त करत बसली असताना पोटात भराभर काहीतरी साचत गेलं. थांबेचना. जड, दुखरं झालं, आणि मग आतून एकदम खचल्यासारखं वाटलं. मृण्मयीने हेडफोन काढला. आधी तिला वाटलं यंत्रात बिघाड झाला असेल. मग लक्षात आलं, हा आकार आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. तिकडे कोणीतरी लपून, उभ्याउभ्याने, घाईघाईत खात होतं.

ती शमाबाईंकडे गेली. तिने सगळं सांगितलं.

‘‘तुमच्या दात्या बाईंनीही मला भेटायची वेळ मागितलीय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोघींची तयारी असेल तर मी नियम बाजूला ठेवते. एक गोष्ट मला दोघींना एकत्रच सांगितली पाहिजे.’’

भाग्यश्री सानप सिन्नरहून आल्या. पन्नाशीच्या, उंच, कपाळावर ठसठशीत कुंकू. वजन नुकतंच वाढलं असावं, ब्लाउजच्या बाह्या दंडाला रुतत होत्या, आणि त्या पदर पुन्हापुन्हा ओढून त्यावर घेत होत्या. ती हालचाल मृण्मयीने पूर्वी आयुष्यभर केली होती.

‘‘तूच का ती?’’ भाग्यश्रीताई म्हणाल्या. ‘‘किती बारीक आहेस ग.’’

या बाईंबरोबर ती गेली दोन वर्षं जेवत होती.

‘‘आमचं घर मोठं,’’ भाग्यश्रीताई शमाबाईंना सांगू लागल्या. ‘‘तीन भाऊ, तिघांचे संसार, सासूबाई. एका वेळी बारा-पंधरा पानं होतात. एवढा गलका की वाढणाऱ्याला ओरडून विचारावं लागतं. मला त्याची सवय. पण हल्ली पानावर बसलं ना, की वाटतं सगळे उठून गेलेत. समोर बसलेले दिसतात, बोलताना दिसतात, तरी वाटतं इथं कोणी नाही. मग कशातच लक्ष लागत नाही. सगळे शेतावर, कामाला गेले की मी कोठीघरात जाते. काय खाते, किती खाते, मला कळत नाही. डॉक्टर, मी अशी बाई नव्हते हो.’’

मृण्मयी खाली बघत होती. तिच्या रिकाम्या फ्लॅटचं वर्णन ही भरल्या घरातली बाई करत होती.

शमाबाईंनी मग समजावलं. चकतीकडून ठोका आला की तो मिळाल्याचा एक बारीकसा इशारा ग्राहक परत पाठवतो, नाहीतर दोन्हींची वेळ जुळत नाही. ही नुसती पोचपावती, तिच्यात काही मजकूर नाही, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. पण ग्राहक मृण्मयीच्या नसेला चिकटलेला. त्या नसेच्या अवस्थेप्रमाणे त्या इशाऱ्याचा आकार किंचित बदलत होता. इतका किंचित, की उपकरणांना दिसला नाही. भाग्यश्रीताईंच्या मेंदूने मात्र तो दोन वर्षं रोज ऐकला आणि शिकून घेतला.

‘‘म्हणजे माझी भूक यांच्याकडे गेली,’’ मृण्मयी म्हणाली.

‘‘भूक म्हणा. मला तिचं नाव अजून नक्की माहीत नाही.’’

‘‘बंद करा,’’ मृण्मयी म्हणाली. ‘‘आजच बंद करा.’’

भाग्यश्रीताईंनी तिचा हात धरला. ‘‘आणि तुझं काय होईल?’’

‘‘बघीन माझं मी.’’

शमाबाईंनी त्याच दिवशी दुवा तोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी मृण्मयी टेबलाशी बसली. वरणभात समोर होता. ऊब आली नाही. ती वाट बघत बसली, भात गार झाला. मग तिने तो खाल्ला, आणि खाऊन झाल्यावर तिला काहीच झालं नाही. पोटात काही पडल्याचासुद्धा पत्ता लागला नाही.

तिने दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी आइस्क्रीमचा मोठा डबा आणून, तो वितळू देऊन, चमच्याचमच्याने पीत राहिली. केळ्याएवढ्या पोटातून ते सरळ खाली उतरत होतं. घाम फुटायचा, छाती धडधडायची, ती गादीवर पडून राहायची, आणि जरा बरं वाटलं की पुन्हा डबा उघडायची. मग पेढे दुधात कुस्करून. मग तेही दूध न घालता, भराभर. त्या आठवड्याच्या शेवटी पोटात अशी कळ उठली की तिने स्वतःच रुग्णवाहिका बोलावली. टाक्यांच्या रेषेवर ताण आला होता. अजून थोडं झालं असतं तर आतल्या आत फाटलं असतं.

ती इस्पितळात असताना भाग्यश्रीताई भेटायला आल्या. हातात नाचणीच्या पेजेचा थर्मास होता, चेहरा बराच हलका झालेला होता. दुवा तुटल्यावर त्यांचं मन हळूहळू जागेवर येत होतं.

‘‘घरी बोलले मी सगळं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आधी लपवत होते, मग म्हटलं लपवायचं कशाला. सासूबाई काय म्हणाल्या माहितेय? म्हणाल्या, एकटीवर भार टाकला म्हणून झेपला नाही. घरात इतकी माणसं आहेत, सगळे मिळून थोडं थोडं घेऊ. कोणाचं दुखणं वाटून घ्यायला मिळतं का असं? इथं मिळतंय तर घ्यावं.’’

मृण्मयीने शमाबाईंकडे पाहिलं. त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या.

‘‘तसं करता येईल,’’ त्या सावकाश म्हणाल्या. ‘‘एका घरातल्या, एका पंगतीत जेवणाऱ्यांच्या लयी आळीपाळीने देता येतील. परतीचा इशारा इतक्या जणांत वाटला गेला, तर प्रत्येकाच्या वाट्याला इतका पातळ येईल की जाणवू नये. असा माझा हिशोब आहे. खात्री नाही.’’

‘‘नको,’’ मृण्मयी म्हणाली.

पण ती एकदाच म्हणाली. भाग्यश्रीताईंनी पेज वाटीत ओतली, फुंकर घातली, आणि ती पुन्हा नको म्हणते का याची वाट पाहिली. मृण्मयीने वाटी हातात घेतली.

सानपांच्या घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी कानामागे चकत्या लावून घेतल्या. भाग्यश्रीताईंना मात्र शमाबाईंनी कायमचं वगळलं. आणि मृण्मयीच्या पोटात पुन्हा ऊब आली. आता ती रोज निराळी असे. कधी सावकाश, म्हातारीच्या जेवणासारखी. कधी शेतातून दमून आलेल्या माणसाची, भरभक्कम. तिचं वजन स्थिरावलं, झटके थांबले, ती सकाळी गोदाकाठी फिरायला जाऊ लागली. शमाबाईंनी एका परिषदेत या प्रयोगाची माहिती दिली तेव्हा टाळ्या वाजल्या. आणखी काही पेशंटांसाठी आणखी काही मोठी, बोलकी, एकत्र जेवणारी कुटुंबं शोधण्याचं काम सुरू झालं. अशी कुटुंबं मिळणं अवघड होतं, पण मिळत होती.

वर्ष उलटल्यावर चैत्रात भाग्यश्रीताईंचा फोन आला. ‘‘ज्यांचं जेवतेस त्यांना एकदा बघून तर जा. रविवारी ये.’’

मृण्मयीने नवी सुती साडी घेतली. कोणाच्या घरी जेवायला जायचं म्हणून तिला आनंद व्हावा, असं आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. सिन्नरच्या पुढे रस्त्याला लागून सानपांचं नवं, दुमजली घर होतं. मोठ्या खोलीत दोन ओळींनी पाटपाणी मांडलेलं. सासूबाईंनी तिला आपल्या शेजारी बसवलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. ‘‘बस, बाई,’’ म्हणाल्या, आणि मग आपल्या ताटाकडे बघू लागल्या.

वाढणं झालं. शेवग्याच्या शेंगांची आमटी, बाजरीची भाकरी, कुरडया, आमरस. भाग्यश्रीताई वाढत होत्या आणि बोलत होत्या. यंदा आंबा लवकर आला, धाकट्या जावेने कुरडया घातल्या, दिरांनी नवीन विहिरीचं काम काढलंय. त्या एकेकाचं नाव घेऊन काहीतरी विचारायच्या. ज्याचं नाव घेतलं तो मान वर करायचा, ‘हं’ म्हणायचा, आणि पुन्हा खाली बघायचा. तेरा माणसं जेवत होती आणि खोलीत फक्त भाकरी मोडल्याचा आवाज होता. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. दीर भराभर खात होते, एक घास गिळायच्या आत दुसरा. धाकटी जाऊ ताट अर्धवट टाकून उठली, आतल्या खोलीत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिची जागा रिकामी राहिलीय हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मृण्मयीच्या बरगड्यांखाली ऊब चढत होती. चांगली होती, भरपूर होती. आज ती कोणाची आहे, हे या ओळीत बसूनही तिला सांगता येईना.

भाग्यश्रीताई आमरसाचं पातेलं घेऊन तिच्यासमोर वाकल्या. वाढता वाढता अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, ‘‘मृण्मयी, तुला काही वेगळं वाटतं का ग इथं? मीच एकटी बोलत असते हल्ली. मघापासून मी काय बोलले, यातल्या कोणी ऐकलं असेल असं वाटत नाही. का माझ्याच मनाचे खेळ आहेत?’’

त्यांच्या हातातलं पातेलं स्थिर होतं, डोळे मृण्मयीच्या तोंडावर होते. मृण्मयीने दोन्ही ओळींवरून नजर फिरवली. खाली वाकलेली डोकी, आणि प्रत्येकाच्या कानामागे एक बारीक चकती. तिला इंदिरानगरातली संध्याकाळ आठवली, वितळलेल्या आइस्क्रीमचा डबा आठवला, पोटातली कळ आठवली.

‘‘मनाचेच खेळ आहेत, ताई,’’ ती म्हणाली. ‘‘दमला असाल तुम्ही. बसा ना माझ्याजवळ, जेवून घ्या.’’

भाग्यश्रीताई बसल्या. मृण्मयीने वाटीतला आमरस चमच्याने ढवळला आणि चमचा खाली ठेवला. तिचं पोट भरलं होतं.